मीठ कोणाच्या नावे?

घरातला दुसरा कुठलाही जिन्नस संपला तर गृहिणी वेळ मारून नेते. डाळ कमी असेल तर आमटी पातळ करते, तेल नसेल तर भाजून-उकडून भागवते. मीठ संपले तर मात्र पोराला हातातला अभ्यास टाकून दुकानावर पळावे लागते. किमतीने इतकी स्वस्त की पूर्वी किराणा दुकानदार मिठाचे पोते रात्री बाहेरच ठेवून देत, पण तिच्यावाचून चूल अडते, अशी ही वस्तू. तिचे नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो. त्या नावाचा अर्थ काय, आणि ते नाव कोण कोणापुढे कशासाठी घेतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वाचक बंधु-भगिनींनो, आजच्या सदरात तोच विचार आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

पहिली गंमत नावातच आहे. मीठ खारट, पण त्याचे नाव गोड! संस्कृतात ‘मृष्ट’ म्हणजे घासून-पुसून स्वच्छ केलेले आणि त्यावरून रुचकर, चवदार. प्राकृतात त्याचे ‘मिट्ठ’ झाले. हिंदीत त्याचा ‘मीठा’ झाला, म्हणजे गोड. मिठाई हा त्याच गोतातला शब्द. मराठीने मात्र तोच शब्द समुद्राच्या खारट खड्याला दिला. कोकणीतही मीठ म्हणजे मीठच. गुजरातीत तर ‘मीठुं’ म्हणजे गोड आणि ‘मीठुं’ म्हणजे मीठही. ज्या चाळीत मराठी, गुजराती आणि उत्तर हिंदुस्थानी कुटुंबे शेजारी राहतात, तिथे नव्याने आलेल्या सुनेची या शब्दाने एकदा तरी फसगत होतेच. आम्हाला यात मराठी माणसाचा साधा व्यवहार दिसतो. ज्याच्यामुळे घास रुचकर लागतो ते मीठ. गोड पदार्थ सणासुदीला, मीठ रोजच्या भाकरीला. रुचकरपणाचे नाव त्याने रोजच्या वस्तूला दिले.

मिठाचे जुने नाव ‘लवण’. ते मराठीत ‘लोण’ होऊन कानाकोपऱ्यात लपून बसले आहे. लोणचे म्हणजे मिठात मुरवलेले. अळणी म्हणजे ‘अलवण’, मीठ नसलेले. काळे मीठ ते पादेलोण, सैंधव ते शेंदेलोण. सैंधव म्हणजे सिंधूच्या प्रदेशातले. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचे पाणीही खारट आहे आणि त्या नावाची सांगड लवणाशी घालतात. पण कानाला सारखे वाटले म्हणून नाते जोडू नये. लोण्याचा लवणाशी काही संबंध नाही, ते ‘नवनीत’ शब्दावरून आले. आणि हिंदीतला ‘नमक’ फारसीतून आलेला पाहुणा आहे.

पाली भाषेतही मिठाला ‘लोण’च म्हणतात. म्हणजे आमची आजी ज्याला पादेलोण म्हणत होती, त्यातला अर्धा शब्द त्रिपिटकात आहे. अंगुत्तर निकायात आणि उदानात महासागराचा दाखला आहे. सागराचे पाणी कुठूनही चाखले तरी चव एकच, तसा धम्माला रसही एकच, मुक्तीचा. याच उपदेशात पुढे म्हटले आहे की नद्या सागराला मिळाल्या की त्यांची जुनी नावे उरत नाहीत, तसे चारी वर्णांचे लोक संघात आले की त्यांची जुनी नावगोत्रे मागे पडतात. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली. ज्या दहा मुद्द्यांवरून वाद झाला त्यातला पहिला मिठाचाच होता. भिक्खूने शिंगात मीठ साठवून जवळ बाळगावे की नाही, असा तो मुद्दा. ‘बाळगू नये’ असा निर्णय झाला. प्रश्न मिठाच्या किमतीचा नव्हता. एकदा ‘हे माझे’ म्हणून साठवायला सुरुवात झाली की ती शिंगापाशी थांबत नाही, ही त्यामागची भीती होती.

आता लोकांच्या बोलण्यातले मीठ पाहू. गरिबाच्या जेवणाला आपण ‘मीठ-भाकर’ म्हणतो. एखादी बातमी वाढवून सांगितली की ‘तिखट-मीठ लावून सांगितली’. दुखावलेल्याला आणखी दुखावले की ‘जखमेवर मीठ चोळले’. चांगल्या कामात बिब्बा घातला की ‘मिठाचा खडा टाकला’. बोलायला हवे तेव्हा गप्प बसणाऱ्याने ‘मिठाची गुळणी धरली’. आणि दूरदूरच्या दोन गोष्टी एकत्र आल्या की ‘डोंगरचे आवळे आणि सागराचे मीठ’. एका वस्तूभोवती भाषेने केवढा संसार मांडला आहे पाहा!

मिठाभोवती काही खुळ्या समजुतीही आहेत. दिवेलागणीनंतर मीठ उसने देऊ नये, हातावर मीठ दिले की भांडण होते, मीठ-मोहऱ्या उतरवून विस्तवात टाकल्या की लेकराची दृष्ट जाते. विस्तवात मीठ तडतडते ते खड्याच्या पोटात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो म्हणून. दृष्ट किती मोठी होती याचा त्या आवाजाशी संबंध नाही. लेकरू तापाने फणफणले असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावे. मिठाचा उपयोग फार तर डॉक्टर सांगतील त्या साखर-मिठाच्या पाण्यात करावा.

घरातही मिठाचा न्याय विचित्र आहे. भाजी चांगली झाली तर ‘चव छान आली’ म्हणतात. अळणी किंवा खारट झाली तर ‘हिला मीठसुद्धा टाकता येत नाही’ म्हणतात. चव आली ती भाजीची, बिघडली ती बाईची. तीनशे चौसष्ट दिवस बरोबर पडलेल्या मिठाची नोंद कोणी करीत नाही, एका दिवसाच्या चुकीवरून मात्र ताट सरकवले जाते. या नोंदीच्याच गोष्टीकडे आता वळू. आजचा खरा विषय तोच आहे.

‘खाल्ल्या मिठाला जागावे’ अशी एक म्हण आपल्या सर्वांच्या तोंडात आहे. तिचा साधा अर्थ चांगला आहे. अडल्यावेळी ज्याने आपल्याला घास दिला त्याला विसरू नये. गिरणी कामगारांचा संप १९८२ साली सुरू झाला तेव्हा कित्येक घरांच्या चुली शेजाऱ्यांच्या उसन्या पिठावर पेटल्या. तो शेजार विसरणारा माणूस कृतघ्नच. अशा कृतज्ञतेविरुद्ध आमचे काहीही म्हणणे नाही. माणसाने माणसाचे उपकार जरूर स्मरावेत.

पण ही म्हण बहुतेक वेळा कोण कोणाला ऐकवतो? शेजारी शेजाऱ्याला ऐकवीत नाही. ज्याने खरोखर प्रेमाने वाढले तो ते बोलूनही दाखवीत नाही. ती ऐकवतो मालक मजुराला, सावकार कुळाला, पाटील गावकामगाराला. आणि ऐकवण्याची वेळही ठरलेली असते. मजुराने मजुरी वाढवून मागितली, सुटी मागितली, खोटी साक्ष द्यायला नकार दिला, की मालकाच्या तोंडून निघते, ‘आमचे मीठ खाल्ले आणि आमच्यावरच उलटलास?’ त्याला जोडून ‘नमकहराम’ ही शिवी तयारच असते. म्हणजे आभाराची म्हण त्या क्षणी दावे बनते, आणि दावे कोणाच्या गळ्यात बांधायचे हे ठरलेले असते.

आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे. तेव्हा या म्हणीचाही हिशेब मांडून पाहू. वहीत दोन बाजू असतात, जमा आणि नावे. व्यवहाराचा साधा नियम असा की घेणाऱ्याच्या नावे लिहायचे आणि देणाऱ्याच्या खाती जमा करायचे. मजुराने धन्याकडून धान्य, भाकरी, मीठ घेतले. ते मजुराच्या नावे पडले, ठीक. पण त्याच दिवशी त्याने धन्याला दिवसभराचे श्रम दिले. ते मजुराच्या खाती जमा आणि धन्याच्या नावे पडायला नकोत काय? ती नोंद वहीत होतच नव्हती. अर्धाच व्यवहार लिहायचा आणि ‘बाकी तुझ्याकडे निघते’ म्हणून आयुष्यभर वसुली करायची, असे हे मिठाचे खाते. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा अशा खात्यावर सही करणार नाही.

महार वतन हे याच खात्याचे मोठे उदाहरण. सरकारी टपाल आणि वसुलीची रक्कम पोचवणे, गावाची सीमा दाखवणे, अंमलदारापुढे धावणे, राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे, अशी रात्रंदिवस कामे. त्याबद्दल थोडी इनाम जमीन, पिकातले बलुते आणि दारोदार मिळणारी भाकरी. हा सरळसरळ कामाचा मोबदला होता, आणि तोही अपुरा. पण त्याला मोबदला कोणी म्हटले नाही. तो गावाचा उपकार ठरला. कामाची मजुरी म्हणून मिळाले असते तर दर ठरवता आला असता. उपकार म्हणून मिळत असल्यामुळे मान खाली घालावी लागली. शिळी भाकरी वरून टाकायची आणि वर ‘गावाचे मीठ खातोस’ म्हणून ऐकवायचे, ही त्या व्यवहाराची रीत होती.

बाबासाहेबांनी हे खाते नीट वाचले होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली तेव्हा मृतमांस आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांचा त्याग करा, असे त्यांनी आपल्या लोकांना निक्षून सांगितले. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. वतनाच्या गुलामीतून माणूस सुटावा आणि कामाला वाजवी दाम मिळावे, हा त्याचा रोख होता. ते बिल तेव्हा पार पडू शकले नाही. अशा कनिष्ठ वतनांचा शेवट करणारा कायदा १९५८ साली झाला, तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते. पण कायद्याच्या कितीतरी आधी शेकडो गावांतल्या आपल्या आई-बापांनी भाकरी मागणे स्वतःहून बंद केले होते, उपाशी राहून. खाते त्यांनी आपल्या हातांनी बंद केले.

आता मुळातला प्रश्न. ज्याच्या नावावर एवढी वसुली झाली ते मीठ खरोखर कोणाचे? धन्याने ते बाजारातून आणले. बाजारात ते कुठून आले? उरण, पेण, भाईंदर, वडाळा, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात मिठागरे होती, त्यांतली कित्येक आता बंद पडली आहेत. उधाणाचे पाणी बांधलेल्या खाचरांत घ्यायचे, उन्हाने आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे, तळाशी खडा धरला की लांब दांड्याच्या फळीने ओढून ढीग करायचा आणि टोपल्यांनी डोक्यावरून वाहून न्यायचा. हे सगळे भर उन्हात, अनवाणी पायांनी. आज देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत होते. कच्छच्या छोट्या रणात अगरिया कुटुंबे पावसाळा संपला की लेकराबाळांसह मुक्कामाला जातात, जमिनीखालचे खारे पाणी उपसतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ काढतात. मिठात राहून राहून पाय इतके टणक होतात की चितेवरही ते धड जळत नाहीत, असे तिकडचे लोक सांगतात.

आमच्या भाषेने मात्र या श्रमांची नोंद ठेवली आहे. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला आगर म्हणतात आणि मीठ जिथे होते त्यालाही आगरच म्हणतात. आपण ‘मीठ पिकवले’ असे बोलतो. समुद्रातून आपोआप मिळाले असे म्हणत नाही. भाताइतकेच मीठही कोणाच्या तरी घामाने पिकते, हे शब्दाला ठाऊक आहे. धन्याला तेवढे ठाऊक नव्हते.

मिठावर हक्क सांगणारे सरकारही होऊन गेले. इंग्रजांच्या १८८२ च्या कायद्याने मीठ करण्याचा मक्ता सरकारकडे गेला आणि त्यावर कर बसला. समुद्रकाठच्या माणसाने मूठभर मीठ काढले तरी तो गुन्हा. त्याविरुद्ध १९३० साली दांडीला, आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला सत्याग्रह झाले. तो कर जायला १९४७ साल उजाडले. तीन वर्षे आधी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. तिथे सार्वजनिक तळ्याचे पाणी एका वर्गाच्या नावे लावलेले, इथे समुद्राचे मीठ सरकारच्या नावे लावलेले. तळ्याच्या पाण्यावरचा कबजा कायद्याने सांगितलेला नव्हता, रूढीने सांगितलेला होता, एवढाच फरक. आणि रूढीचा कबजा सोडवणे कायद्याच्या कबजापेक्षा अवघड गेले, हे आपण जाणतोच.

हे सगळे जुने झाले, आता कोण कोणाला मीठ ऐकवतो, असे कोणी म्हणेल. आमच्या परिचयातल्या एक भगिनी बारा वर्षे एका घरी स्वयंपाकाला होत्या. गुडघे धरले म्हणून त्यांनी दोन महिन्यांची सुटी आणि थोडी उचल मागितली. मालकीणबाई म्हणाल्या, ‘इतकी वर्षे आमचे मीठ खाल्ले, आता ऐनवेळी आम्हाला सोडून चाललीस?’ या भगिनी शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही बारा वर्षं जे मीठ खाल्लं ते माझ्याच हातानं पडलेलं होतं.’ त्यांनी कुठले पुस्तक वाचले नव्हते. वहीतली राहिलेली नोंद मात्र त्यांनी एका वाक्यात पूर्ण केली. घरकाम करणाऱ्या बायांसाठी आपल्या राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. अशा भगिनींनी आपली नोंदणी करून घ्यावी. उपकाराच्या खात्यापेक्षा नोंदणीचा कागद केव्हाही बरा.

निवडणुका आल्या की हेच खाते पुन्हा उघडते. एखाद्याने मुलाला कुठे चिकटवून दिलेले असते, नळाचे काम करून दिलेले असते. मग वस्तीत निरोप येतो, ‘खाल्ल्या मिठाला जागा.’ नळ पालिकेच्या पैशातून आलेला असतो आणि पालिकेचा पैसा आपल्या करातून. मत हे मिठाचे व्याज नव्हे.

आणि बंधूंनो, आता आपल्या घरातलेही ऐकून घ्या. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ‘आमचे मीठ खातोस’ हे ऐकून घेतले, त्याच समाजातल्या घरांत सुनेला ‘आमचे मीठ खाऊन आम्हालाच उलट बोलतेस’ असे म्हटले जाते. ती पहाटे पाणी भरते, डबे करते, पुष्कळदा बाहेर कामालाही जाते आणि पगार घरातच देते. तिच्या खाती काय जमा आहे ते कोणी पाहिले? पाटलाच्या तोंडी जे वाक्य आपल्याला जाचले ते सासूच्या किंवा नवऱ्याच्या तोंडी गोड कसे होईल?

पगाराला इंग्रजीत ‘सॅलरी’ म्हणतात. त्या शब्दाचे मूळ लॅटिन ‘सालारिअम’ आणि त्याच्या पोटात ‘साल’, म्हणजे मीठ. रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच मिळे अशी कथा सांगतात, तिला भक्कम पुरावा नाही. पण शब्दाच्या पोटातले मीठ खरे आहे. म्हणजे पगारात मीठ आहे आणि तो कामाच्या बदल्यात आहे. घेणाऱ्याने त्यासाठी मान वाकवण्याचे कारण नाही.

शेवटी गृहिणींसाठी दोन शब्द, कारण पिशवीवरच्या नावांचाही अर्थ कळायला हवा. ‘आयोडीनयुक्त’ म्हणजे ज्यात आयोडीन मिसळले आहे ते. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो आणि मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. म्हणून २००६ पासून थेट खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकण्यास देशभर मनाई आहे. सैंधव किंवा गुलाबी मीठ महाग मिळते म्हणून ते औषध ठरत नाही, तेही मुख्यतः सोडिअम क्लोराइडच. त्यात आयोडीन आहे की नाही ते पिशवीवर वाचावे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका लहान चमच्याच्या आत मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण, वडापाव यांतलेही त्यात धरायचे. कष्टकरी वस्त्यांत रक्तदाब निमूट वाढतो आणि एके दिवशी कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. शरीरही वही ठेवते, आणि त्या वहीत नोंद चुकत नाही.

म्हण टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. ती योग्य जागी वापरा. मिठागरात उभ्या असलेल्या मजुराची, भाकरी मागणे बंद करून उपाशी झोपलेल्या आजीची, आपल्या घरात रोज बेताने मीठ टाकणाऱ्या हाताची आठवण ठेवणे म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणे. आणि ज्याचे काम चोख केले, ज्याचा दाम घामाने फेडला, त्याने पुन्हा मिठाची भाषा काढली तर मिठाची गुळणी धरून बसू नका. वही मागा, दोन्ही बाजू लिहायला सांगा. बाकी कोणाकडे निघते ते मग दिसेलच.